“यात गहू कुठाय?” – आजीचा कप आणि माल्टचा घोळ

एका ताईंचं लांबलचक पत्र आलंय, नाव-गाव काढून थोडक्यात देते. त्यांची मुलगी 9 वर्षांची. 8 महिन्यांपूर्वी तिला सीलिॲक (गहू आणि तशा काही धान्यांतल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनांनी आतड्याचं अस्तर बिघडतं तो आजार) असल्याचं निदान झालं आणि तेव्हापासून तिच्यासाठी गहू पूर्ण बंद, पीठ वेगळं, भांडी वेगळी, सगळं वेगळं. तरी परवाच्या रक्ततपासणीत टीटीजीचा (सीलिॲकमध्ये रक्तात वाढणाऱ्या अँटीबॉडीचा) आकडा हवा तेवढा खाली आला नाही आणि वजनही अडलंय. डॉक्टरांनी विचारलं, कुठून तरी ग्लूटेन पोटात जातंय का? ताईंना एकदम आठवली ती रात्रीच्या दुधात सासूबाई घालतात ती माल्टची पावडर. सासूबाईंना बोलल्या तर त्यांनी डबाच पुढे केला, “वाच, यात गहू कुठाय?” आणि डब्यावर खरंच गहू नाहीये, बार्ली माल्ट, दूध पावडर, साखर वगैरे आहे. नवरा म्हणतो एका चमच्यानं काय होतंय (त्यांनाही तीच पावडर आवडते). धाकटा 5 वर्षांचा, तोही तेच दूध पितो. आता ताईंना वाटायला लागलंय की सासूबाई हे मुद्दाम करतायत. भांडण नको म्हणून डबा तोच ठेवून आत दुसरीच पावडर भरून ठेवू का, आणि धाकट्याचंही आत्ताच बंद करून टाकू का, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

ताई,

तुम्हाला कदाचित आवडणार नाही, पण तुमच्या सासूबाई बरोबर बोलल्या. डब्यावर गहू नाहीये. तुम्ही 8 महिन्यांपूर्वी घरात नियम घातलात की हिला गव्हाचं काही द्यायचं नाही, तो त्यांनी शब्दशः पाळलाय, इतका की शंका आली तेव्हा डबा उचलून वाचून दाखवला. नियमच अर्धा होता. हे तुमची चूक काढायला म्हणत नाहीये, निदान झाल्यावर पहिल्या महिन्यात जवळपास प्रत्येक घरात ‘गहू बंद’ हेच वाक्य फिरतं कारण ते सोपं आहे, लक्षात राहतं, शेजारणीलाही सांगता येतं. पण सीलिॲकला त्रास गव्हापुरता नाहीये. गव्हातलं ग्लायडिन, बार्लीतलं हॉर्डीन, राय नावाच्या धान्यातलं सेकॅलिन, ही सगळी एकाच कुळातली प्रथिनं, आतड्याला चिडवायला तिघांपैकी कुणीही चालतं. बार्ली म्हणजे जव, कुठे कुठे सातू म्हणतात. जवस नव्हे हां, जवसाचा आणि याचा काही संबंध नाही, हे मुद्दाम सांगते कारण ‘जव’ ऐकून लोक जवसाची चटणी बंद करतात आणि माल्ट चालू ठेवतात.

आता माल्ट या शब्दाकडे येऊ, सगळा घोळ तिथेच आहे. माल्ट हे धान्याचं नाव नाहीच मुळी. धान्याला मोड आणून ते वाळवायचं, या कामातून जे तयार होतं ते माल्ट. बार्ली साधारण दोनेक दिवस आलटून पालटून भिजवतात आणि निथळतात, मग 4 ते 6 दिवस मोड येऊ देतात, ढीग तापू नये म्हणून सारखा हलवत राहतात, आणि मोड फार वाढायच्या आत गरम हवेवर वाळवून टाकतात. मोड येताना दाण्याच्या आत एन्झाइम्स तयार होतात, ती पिठूळ स्टार्चचे तुकडे करून माल्टोज नावाची साखर बनवू शकतात. दाण्याला ही साखर स्वतःच्या कोंबासाठी हवी असते, आपण मधेच ती पळवतो. जगात पहिल्यांदा एखादं एन्झाइम वेगळं काढलं गेलं ते यातूनच, 1833 मध्ये पायेन आणि पेर्सो या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी माल्टच्या अर्कातून, त्याला त्यांनी डायस्टेज नाव दिलं. असो, मी वाहवत चाललेय. सांगायचं इतकंच की तो भाजकट गोड वास, जो कप तोंडाशी नेताना येतो ना, तो या मोड आणणं, वाळवणं, तापवणं यातून येतो. आणि मोड कशालाही आणता येतात, ज्वारीचं माल्ट असतं, नाचणीचं असतं, तांदळाचंही करतात. पण पाकिटावर नुसतं ‘माल्ट’ किंवा ‘माल्ट एक्स्ट्रॅक्ट’ लिहिलं असेल आणि पुढे धान्याचं नाव नसेल तर ते बार्लीचं समजून चालायचं, बहुतेक वेळा ते तेच असतं.

यावर सासूबाई एक मुद्दा काढतील, काढला नसेल तर काढतीलच, की मोड आणल्यावर धान्य हलकं होतं, मग त्यातलं वाईट निघून जात असेल. मुद्दा वेडा नाहीये. मोड येताना प्रथिनं काही प्रमाणात तुटतात हे खरं आहे. पण सीलिॲकसाठी पुरेशी तुटत नाहीत, तुकडे उरतात आणि ते तुकडेही त्रास देऊ शकतात. उलट अशा तुटलेल्या प्रथिनांमुळे नेहमीच्या प्रयोगशाळेतल्या चाचणीत ग्लूटेन प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकतं, म्हणून माल्टच्या आणि आंबवलेल्या पदार्थांसाठी वेगळ्या पद्धतीची चाचणी वापरावी लागते. म्हणजे मोड आले म्हणून सुटलो, असं नाही.

आणि लेबलवर गहू का नाही? कारण गहू नाहीच आहे त्यात! लेबल खोटं बोलत नाहीये. फक्त ॲलर्जीच्या ठळक ओळीत काय यायलाच हवं याचे नियम सगळीकडे सारखे नाहीत. युरोपात ग्लूटेन असलेली सगळी धान्यं नावानिशी ठळक द्यावी लागतात, त्यात बार्ली येते. अमेरिकेत त्या यादीत गहू आहे, बार्ली नाही. त्यामुळे बाहेरून आणलेल्या पाकिटावर ‘गहू आहे’ असं काही नसेल तर त्याचा अर्थ ग्लूटेन नाही असा होत नाही, पूर्ण घटक यादी वाचावीच लागते. ‘ग्लूटेन फ्री’ लिहिलेलं असेल तर गोष्ट वेगळी, त्यासाठी किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन नसावं ही मर्यादा बऱ्याच देशांनी धरलीय.

मलाही हे वाचनानं नाही, फजितीनं कळलंय. माझी एक मैत्रीण सीलिॲकवाली. ती जेवायला येणार म्हणून मी कौतुकानं आईस्क्रीम केलं, घरचं, दूध-साय-साखर, एकही शंकेची वस्तू नाही, आणि वरून शोभेला चॉकलेटच्या कुरकुरीत गोळ्या टाकल्या. पाकीट वाचलं होतं मी, गहू शोधला होता, नव्हता. तिनं चमचा उचलला आणि खाली ठेवला, शांतपणे विचारलं, “रॅपर कुठंय?” मी म्हटलं कचऱ्यात. तर बाई उठली, कचऱ्याच्या डब्यातून रॅपर काढलं, खिडकीपाशी धरून ती बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाली, “माल्टेड मिल्क आहे गं.” त्या गोळ्यांच्या आतला कुरकुरीत भागच माल्टचा असतो, ती चवच त्याची. अख्खं भांडं मी एकटीनं संपवलं पुढच्या चार दिवसांत, ते वेगळं.

म्हणून माझं पहिलं म्हणणं, सगळं खापर त्या एका कपावर फोडू नका. कप दोषी असेलही, रोज रात्री 8 महिने म्हणजे थोडं नाही. पण तुमच्या घरात नियम ‘गहू’ या शब्दावर उभा होता म्हणजे माल्ट आणखीही कुठून कुठून आत आला असणार. एक रविवार काढा, फडताळ उघडा आणि मुलीच्या तोंडात जाणारं प्रत्येक पाकीट टेबलावर मांडा. कॉर्नफ्लेक्स आधी बघा, मका आहे म्हणून कुणी शंका घेत नाही पण बऱ्याच कॉर्नफ्लेक्सना आणि तांदळाच्या फुलवलेल्या सिरिअल्सना ती ओळखीची चव माल्टच्या अर्कानं आलेली असते. मग चॉकलेटं, विशेषतः आत कुरकुरीत काही असलेली. टॉफी, बिस्किटं (‘ओट्सची’ म्हणून वेगळी आणलेली असतील तर तीसुद्धा, आणि ओट्सचं वेगळंच प्रकरण आहे, ते डॉक्टरांना विचारा), आईस्क्रीम, तयार सॉस, मसाला लावलेल्या चिप्स ज्यांच्यात माल्ट व्हिनेगर असतं, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, आणि ताकदीची म्हणून दिली जाणारी गोड घट्ट टॉनिकं. माल्ट व्हिनेगरबद्दल देशोदेशीच्या संस्थांचं एकमत नाही, ब्रिटनमध्ये त्यात ग्लूटेन अगदी नगण्य राहतं म्हणून बहुतेकांना चालतं असं म्हणतात, अमेरिकेत टाळा म्हणतात. तुमच्या मुलीचा आकडा आत्ता उतरत नाहीये, तर सध्या टाळाच, आकडा खाली आल्यावर डॉक्टरांशी बोलून ठरवा.

आणि हे वाचून उलट्या बाजूला घाबरू नका. माल्टोडेक्स्ट्रिन, माल्टोज, माल्टिटॉल, ही नावं दिसली की लोक पाकीट फेकून देतात. नावात माल्ट आहे म्हणून ते माल्ट नव्हे. माल्टोडेक्स्ट्रिन साधारणपणे मका, बटाटा, टॅपिओका अशांच्या स्टार्चपासून करतात, गव्हापासून केलं तरी त्यात प्रथिन जवळजवळ उरत नाही. माल्टोज आणि माल्टिटॉल तर एक साखर आणि एक साखरेसारखा गोड पदार्थ. मुलीचं खाणं आधीच आखडलंय, त्यात विनाकारण आणखी चार गोष्टी तोडू नका. शोधायचे शब्द एवढेच: माल्ट, माल्टेड, माल्ट एक्स्ट्रॅक्ट, माल्ट सिरप, माल्ट फ्लेवर, बार्ली. ब्राऊन राईस सिरप दिसलं तर मात्र कंपनीला विचारा, कधी कधी ते करताना बार्लीची एन्झाइम्स वापरलेली असतात.

आता तुमचे मिस्टर. “एका चमच्यानं काय होतंय.” बाकी लोकांना काहीच होत नाही, त्यामुळे त्यांचा अनुभव खरा आहे, फक्त तो त्यांच्या आतड्याचा अनुभव आहे. त्यांना हे सांगा: सीलिॲकच्या रुग्णांवर 2007 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे, इटलीतला, त्यात रोज फक्त 50 मिलिग्रॅम ग्लूटेन 3 महिने दिलं तरी आतड्याच्या अस्तरावर परिणाम दिसला. 50 मिलिग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा विसावा भाग, चिमूटभर मिठाचं वजनही त्याहून जास्त भरतं. प्रश्न एका चमच्याचा नाहीच, 8 महिने रोज रात्री एक चमचा असा आहे. आणि ती दूध पिऊन लगेच पोट धरून बसत नाही म्हणून चालतंय असं त्यांना वाटत असेल तर तेही बाजूला ठेवायला सांगा, कितीतरी मुलांना बाहेरून काही दिसत नाही, आत अस्तर झिजत राहतं आणि मग लोह कमी, वजन अडलेलं, उंची अडलेली असं हळूहळू कळतं.

पण तुम्हीही एक लक्षात घ्या, टीटीजीचा आकडा एका रात्रीत पडत नाही. पथ्य काटेकोर असलं तरी बऱ्याच मुलांचा आकडा नॉर्मलला यायला वर्ष, कधी दोन वर्षं लागतात. त्यामुळे आकडा किती होता आणि किती झाला, उतार आहे की नाही, हे डॉक्टरांसोबत बघा. आत्ता जे सापडेल ते बंद करा, तारीख लिहून ठेवा आणि पुढच्या तपासणीला ती तारीख डॉक्टरांना सांगा, म्हणजे त्यांनाही कळेल की खरं पथ्य कधीपासून सुरू झालंय. तुम्ही 8 महिने म्हणताय, मला वाटतं ते आजपासून मोजायला हवेत.

सासूबाईंकडे येते, कारण पत्राचा निम्मा भाग त्यांच्यावरच आहे. ‘मुद्दाम’ हा शब्द तुम्ही तीनदा लिहिलाय. मी पत्र परत वाचलं, मुद्दाम असं काही मला तरी दिसलं नाही. एक बाई दिसली जी नातीचं वजन वाढत नाहीये म्हणून रोज रात्री न चुकता उठून दूध गरम करते, आणि तिला आयुष्यभर सांगितलं गेलंय की या पावडरनं ताकद येते. हे तिनं स्वतः शोधलेलं नाहीये हो! 1873 मध्ये जेम्स आणि विल्यम हॉर्लिक या भावांनी शिकागोत धंदा सुरू केला तोच मुळी लहान मुलांच्या पोषणासाठी, 1883 मध्ये माल्टेड मिल्कचं पेटंट घेतलं, बाळांना आणि आजाऱ्यांना द्यायचं हलकं अन्न म्हणून. 1904 मध्ये स्वित्झर्लंडच्या बर्नमध्ये ओव्होमाल्टिन आलं तेही ताकदीसाठीच. 1934 मध्ये ऑस्ट्रेलियात मायलो निघालं, त्याचं नाव कुणावरून तर प्राचीन ग्रीसच्या एका पैलवानावरून. ध्रुवावर जाणारे लोक माल्टेड मिल्क सोबत न्यायचे, विल्यम हॉर्लिकनं मोहिमेला मदत केली म्हणून अंटार्क्टिकातल्या एका डोंगररांगेला त्याचं नाव आहे. शंभराहून जास्त वर्षं जगभर ‘माल्ट म्हणजे ताकद’ हे ठोकून ठोकून सांगितलंय आणि आता तुम्ही एका संध्याकाळी येऊन म्हणताय हे विष आहे. त्यांनी डबा पुढे केला, एवढंच केलं, मी असते तर जास्त बोलले असते.

ताकदीचं खरं किती ते वेगळं. दुधातली ताकद दुधाची असते, वर माल्टची गोडी, वर बरेचदा साखर. घटक यादीत जे आधी लिहिलंय ते वजनानं जास्त असतं, तुमच्या डब्यावर साखर कितव्या नंबरला आहे बघा एकदा, सासूबाईंसोबत बघा. पण हा मुद्दा भांडणात वापरू नका, तो वेगळा विषय आहे आणि त्यानं फक्त त्या आणखी दुखावतील.

डब्यात गुपचूप दुसरी पावडर भरायची कल्पना, नाही, नको. मला मोह कळतो, रोजची कटकट एका झटक्यात मिटल्यासारखी वाटते. पण बघा काय होईल. ती पावडर हवेतला ओलावा ओढते, तुम्ही बघितलंच असेल, डब्याच्या कडांना, झाकणाच्या आट्यांत, चमच्याच्या खोलगट भागात कशी तपकिरी चिकटून बसते, पुसली तरी राहते. तोच डबा, तोच चमचा, म्हणजे थोडं माल्ट राहिलंच. तो चमचा साखरेच्या बरणीत जातो का तेही बघा, माझ्याकडे जायचा, रात्री कपात पावडर घातली की त्याच चमच्यानं साखर. म्हणजे साखरेची बरणीही गेली. आणि समजा डबा तुम्ही चकचकीत धुतला, तरी एक दिवस पावडर संपेल आणि सासूबाई त्यांच्या माहितीप्रमाणे तोच डबा विकत आणतील, तुम्हाला न सांगता, कारण त्यांच्या मते सगळं सुरळीत चालू आहे. तेव्हा तुम्हाला कळणारही नाही. आणि ज्या दिवशी त्यांना चव ओळखू येईल (येणारच, रोज हातानं करतात) त्या दिवसापासून तुम्ही पथ्याबद्दल काहीही सांगितलंत तरी त्यांचा विश्वास बसणार नाही. मुलीच्या पथ्याला घरात दोन मोठी माणसं एकमेकांवर विश्वास ठेवणारी लागतात, डब्यात कोणती पावडर भरली हे त्याच्या नंतर.

सरळ सांगा. पण स्वयंपाकघरात, दूध उतू जायच्या वेळी नको. पुढच्या डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटला त्यांना सोबत न्या, डबाही न्या पिशवीत घालून. डॉक्टरांसमोर त्यांनाच विचारू द्या, “यात गहू नाहीये, तरी चालत नाही का?” तुम्ही मधे बोलू नका, कितीही जीभ वळवळली तरी. डॉक्टरांनी ‘बार्ली’ म्हटलं की ते सुनेचं खूळ राहत नाही. आणि घरी आल्यावर नियम नव्यानं लिहा, फ्रीजवर, मोठ्या अक्षरात: गहू, बार्ली, राय, माल्ट. लिहायला त्यांनाच सांगा, त्यांचं अक्षर असू दे.

मग उरतो कप. कप बंद करू नका. दिवसभर तुम्ही मुलीच्या हातातून गोष्टी काढून घेताय, वाढदिवसाचा केक नाही, मैत्रिणीच्या डब्यातलं नाही, त्यात झोपायच्या आधीची ती आजीसोबतची दहा मिनिटं तेवढी राहिलीत. पावडर जाऊ दे, कप राहू दे. चव जवळपास तीच हवी असेल तर एक जुगाड सांगते, मी मैत्रिणीसाठी केलेला. साधी दूध पावडर घ्या, साखर न घातलेली, घटक वाचून घ्या, आणि कोरड्या जाड बुडाच्या कढईत अगदी मंद आचेवर परता. पहिली दोन-चार मिनिटं काहीच होत नाही, मग एकदम कडेनं रंग धरायला लागते, तिथे हात थांबवायचा नाही, लगेच करपते. फिक्या बिस्किटाच्या रंगावर आली की दुसऱ्या ताटात काढा कारण कढईच्या उष्णतेनं ती पुढेही भाजत राहते. गुठळ्या होतात, गार झाल्यावर मिक्सरमधून काढा (तो मिक्सरही तिचाच असावा किंवा नीट धुतलेला). दुधातली साखर आणि प्रथिनं तापून जो भाजका वास सुटतो तो माल्टच्या वासाचा चुलतभाऊच आहे. दोन चमचे ती पावडर, किंचित कोको, गोडीला खजुराची पेस्ट, आणि गरम दूध. हुबेहूब तीच चव येते असं खोटं सांगत नाही, पण मैत्रीण दुसरा कप मागून प्यायली. हे काम सासूबाईंना द्या. आज डबा उघडून चमचा घालतात, उद्या स्वतः भाजून करतील, आणि ज्यांना नातीला स्वतःच्या हातचं द्यायचंय त्यांना ते जास्त आवडेल असं मला वाटतं.

नाचणीचं किंवा ज्वारीचं माल्ट मिळतं, ते मूळचं ग्लूटेनविरहित धान्य. पण ज्या चक्कीत, ज्या यंत्रावर गहू-बार्ली दळली जाते तिथेच ते दळलं तर काय उपयोग, आणि तयार मिश्रणात कधी कधी बार्लीही मिसळलेली असते. त्यामुळे ‘ग्लूटेन फ्री’ असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच, नाहीतर घरी मोड आणा, वाळवा, भाजा, स्वतःच्या मिक्सरवर दळा.

मुलीला विचारलंत का कुणी? पत्रात ती कुठेच बोलत नाही. 9 वर्षांची आहे, तिला ‘माल्ट’ हा शब्द वाचता येतो. तिला रॅपर वाचायची सवय लावा, खेळ म्हणून, दुकानात गेलात की शोध बघू म्हणावं. पुढे शाळेच्या सहलीला, मैत्रिणीकडे, हॉस्टेलला तुम्ही नसणार, माझी मैत्रीण कचऱ्यातून रॅपर काढते ना, तसं तिला न लाजता करता यायला हवं. आणि तिला कदाचित ती पावडर आवडतही नसेल, आजीला वाईट वाटेल म्हणून पीत असेल, मुलं असं करतात.

धाकट्याचं मात्र आत्ता काहीही बंद करू नका! हे महत्त्वाचं आहे म्हणून उद्गारचिन्ह देतेय. सीलिॲक असलेल्या मुलाच्या सख्ख्या भावंडांची आणि आई-वडिलांची तपासणी करून घ्यायला सांगतात कारण जवळच्या नात्यात ते असायची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. पण ती रक्ततपासणी खरी यायला माणूस ग्लूटेन खात असावा लागतो. आधीच बंद केलंत तर रिपोर्ट खोटाच नॉर्मल येईल आणि तुम्ही निर्धास्त व्हाल. म्हणून आधी त्याची, तुमची, मिस्टरांची तपासणी, मग काय ते डॉक्टर सांगतील. रिपोर्ट स्वच्छ आले तर त्याला माल्टनं काही अपाय नाही, फक्त त्याचा कप, त्याचा चमचा वेगळा आणि दीदीच्या दुधाआधी नाही, नंतर करायचा. किंवा सरळ दोघांनाही आजीची भाजलेली पावडर, एकाच पातेल्यात, घोळच नको.

आणि तो अर्धा भरलेला डबा. फेकवणार नाही सासूबाईंच्यानं, मलाही फेकवला नसता. मिस्टरांना द्या, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवायला, चमच्यासकट. एका चमच्यानं त्यांना काही होत नाही म्हणतात ना, तर तिथे रोज दोन घाला म्हणावं, फक्त आधी ती रक्ततपासणी करून या.